अमेरिकेत स्टेजवर उतरायचंय? आधी व्हिसा, मग बायसेप्स

गणपतीत मंडळात नवीन आलेला एखादा तरी पोरगा हमखास गाठतो आणि विचारतो, ‘काका, इथे महाराष्ट्र श्रीसारखी शरीरसौष्ठवाची स्पर्धा असते का?’ असते, आणि भरपूर असतात. वसंतात आणि शरदात जवळपास दर शनिवारी कुठे ना कुठे स्पर्धा असते. त्यात उतरायला कुणाची ओळख लागत नाही, व्यायामशाळेचं पत्र लागत नाही. हौशींची सगळ्यात मोठी संघटना एनपीसी, म्हणजे नॅशनल फिजिक कमिटी. तिचं कार्ड ऑनलाइन काढा, प्रवेश फी भरा आणि शुक्रवारी वजन-नोंदणीला हजर व्हा. पहिलटकरांसाठी ‘ट्रू नॉव्हिस’ आणि ‘नॉव्हिस’ असे वेगळे गट असतात, पस्तिशीपुढच्यांसाठी ‘मास्टर्स’. हौसेपोटी प्रत्येक गटात नाव घालू नका, कारण दर गटाची फी वेगळी आणि ती शंभर-दीडशे डॉलरच्या घरात जाते.

एक फरक मात्र आधीच समजून घ्या. आपल्याकडे ५५, ६०, ६५ किलो असे गट पडतात. इथे बॉडीबिल्डिंगचा सगळ्यात खालचा गट, बँटमवेट, १४३¼ पौंडांपर्यंत, म्हणजे पार ६५ किलोपर्यंत जातो. म्हणजे तिकडे ५५ किलोत चमकलेला गडी इथे ६५ किलोवाल्याच्या शेजारी उभा राहणार. त्यात छोट्या स्पर्धेत माणसं कमी असली की गट एकत्रही करतात. खांदे रुंद, कंबर बारीक, पण एकूण वजन कमी असेल तर मेन्स फिजिक बघा. तिथे गट उंचीवर पडतात आणि बोर्ड शॉर्ट्समुळे मांड्या झाकलेल्या असतात. क्लासिक फिजिकमध्ये तुमच्या उंचीनुसार वजनाची मर्यादा ठरते, मला स्वतःला तोच प्रकार सगळ्यात देखणा वाटतो. मुलींसाठी बिकिनी, वेलनेस, फिगर असे बरेच विभाग आहेत, आणि इथे सासरच्यांना फोटो दिसतील का एवढाच प्रश्न उरतो!

आता मुद्द्याचं. अरनॉल्ड १९६८ मध्ये ऑस्ट्रियातून इथे आला तेव्हा बॉडीबिल्डिंगच्या मासिकांचा मालक ‘जो वीडर’ त्याच्या पाठीशी होता, त्यानेच त्याला आणलं आणि पोसलं. तुमच्या पाठीशी फक्त तुमची नोकरी किंवा तुमचं कॉलेज आहे. हौशी स्पर्धेत पैसे नाही, ट्रॉफी आणि मेडल मिळतं, त्यामुळे व्हिसावर असलात तरी उतरायला हरकत नाही. गडबड होते ती पुढे. अंग दिसायला लागलं की ऑफिसातला कुणीतरी म्हणतो, ‘मला ट्रेन कर, तासाचे पन्नास देतो.’ एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम फक्त ज्याने व्हिसा काढला त्याच्याकडेच करता येतं. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय बाहेर काम नाही, आणि एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या एच-फोर व्हिसावर वर्क परमिट नसेल तर नाहीच नाही. पैसे रोख घेतले किंवा भारतातल्या खात्यात घेतले तरी तुम्ही काम इथे बसूनच केलंत ना? सप्लिमेंट कंपनीचा कमिशनवाला कूपन कोडसुद्धा याच भानगडीत येतो. सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. तिकडे ओळखीच्या केमिस्टकडे स्नायू फुगवणाऱ्या स्टेरॉइडची इंजेक्शनं मिळत असतील. इथे १९९०च्या कायद्याने अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स नियंत्रित औषधांच्या यादीत गेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नुसती जवळ बाळगणंसुद्धा फेडरल गुन्हा आहे. नागरिकाला दंड किंवा शिक्षा होऊन सुटता येतं. आपल्यासारख्याला, अगदी ग्रीन कार्डवाल्यालाही, अशा गुन्ह्यात दोषी ठरल्यावर देश सोडावा लागू शकतो. त्यामुळे ‘येताना दोन कुप्या घेऊन ये’ असं भावाला चुकूनही सांगू नका. नॅचरल, म्हणजे स्टेरॉइडशिवाय, राहायचं असेल तर आयएनबीएफसारख्या संघटना आहेत. तिथे स्टेजवर जाण्याआधी पॉलिग्राफला, म्हणजे खोटं पकडणाऱ्या यंत्राला, बसवतात, मागच्या दहा वर्षांत असलं काही घेतलं का ते विचारतात आणि लघवीही तपासतात. माझं मत विचाराल तर व्हिसावर असलेल्याने तिथूनच सुरुवात करावी.

जिमचं म्हणाल तर पहिले काही महिने अपार्टमेंटचं किंवा कॉलेजचं जिम पुरतं. प्लॅनेट फिटनेस स्वस्त आहे, पण तिथे मोकळा बारबेल सहसा नसतो, आणि वजन आपटलं किंवा हुंकार दिला तर भोंगा वाजवतात. आपल्या तालमीतल्या आरोळ्या तिथे चालायच्या नाहीत. जुन्या लोखंडी जिमला गेलात तर ‘टू प्लेट्स’ म्हणजे २२५ पौंड हे लक्षात ठेवा: बार ४५ चा आणि दोन्ही बाजूंना ४५ च्या दोन-दोन. वापरलेला बाक पुसा, प्लेट्स जागेवर लावा, आणि हेडफोन घातलेल्याशी गप्पा मारायला जाऊ नका.

डाएटमध्ये घरचं जेवण सोडायची गरज नाही. कॉस्टको या घाऊक दुकानातून चिकन-अंडी, पटेल ब्रदर्स या देशी किराणा दुकानातून मूग, सोया चंक्स. तांदूळ, डाळ कच्चीच तोला, शिजल्यावर पाण्याने आकडा फसतो. शक्यतो वसंतातली स्पर्धा धरा. म्हणजे मोदक आणि फराळ ऑफ-सीझनला येतात, आणि पाडव्याच्या पुरणपोळीपुरतंच मन मारावं लागतं. इन्शुरन्समध्ये वर्षाची तपासणी बहुधा फुकट असते, ती डाएट सुरू करण्याआधी उरका. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतात. शेवटच्या आठवड्यात पाणी तोडणं, पाणी काढायच्या गोळ्या घेणं, असले उद्योग तर मुळीच नकोत.

स्टेजवर जाण्याआधी अंगावर तपकिरी रंगाचा फवारा मारतात, त्याला टॅन म्हणतात. ‘मी आधीच सावळा, टॅन कशाला?’ असं प्रत्येक जण म्हणतो. स्टेजच्या दिव्यांत आपला रंगही फिका पडतो आणि स्नायूंच्या रेघा दिसेनाशा होतात. टॅन करणारे स्पर्धेच्या हॉटेलातच असतात, वेळ आधी ठरवा. अंगावरचे केस काही दिवस आधी काढा, नाहीतर फवारा पुरळावर बसतो. जाताना घरची जुनी काळी चादर आणि सैल गडद कपडे न्या, हॉटेलच्या पांढऱ्या गादीवर तपकिरी डाग पडले की भरपाई तुमच्या कार्डावर.

प्रो कार्डाची, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत उतरायच्या परवान्याची, स्वप्नं पडायला लागली की राष्ट्रीय स्पर्धेचे पात्रता नियम विमानाचं तिकीट काढण्याआधी वाचा, त्यात नागरिकत्वाची अटही तपासा. आणि पहिल्या स्पर्धेनंतर परीक्षकांना नम्रपणे विचारा की काय कमी पडलं. पाठ कमी आहे की पोझिंग कच्चं आहे, विचारलं तर सांगतात.