मुलांमधील लिम्फोमा: प्रकार आणि टप्पा कसा ठरवावा

सिन्नर-दिंडोरीकडून नाशिकला आणलेल्या मुलाच्या मानेतील लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, गाठ क्षयाची समजून उपचार सुरू होतात आणि मोलाचे आठवडे निघून जातात, ही खंत मनात ठेवूनच हे लिहीत आहे. न दुखणारी, बोटाला रबरासारखी लागणारी गाठ कॉलरबोनच्या वर आढळल्यास बायॉप्सीपूर्वी (गाठीचा नमुना काढून तपासण्यापूर्वी) छातीचा एक्स-रे काढावा, कारण छातीत मोठी गाठ असल्यास भूल देणे जिवावर बेतू शकते. सुईने घेतलेल्या पेशींवर समाधान न मानता शक्यतो पूर्ण गाठ काढावी; जीव धोक्यात नसेल तर तोवर स्टेरॉइड देऊ नये, त्याने निदानच पुसट होते.

रीड-स्टर्नबर्ग पेशी (दोन वा अधिक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) दिसून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने (पेशींवरील प्रथिने ओळखणाऱ्या रंगचाचणीने) दुजोरा दिल्यास तो हॉजकिन लिम्फोमा. एरवी तो नॉन-हॉजकिन; त्यातला मुलांत बहुधा बर्किट, लिम्फोब्लास्टिक, डिफ्यूज लार्ज बी-सेल किंवा अ‍ॅनाप्लास्टिक लार्ज सेल आढळतो.

टप्पा, म्हणजे आजार किती पसरला आहे, हे ठरवायला हॉजकिनला अ‍ॅन आर्बर पद्धत लावावी. ३८ अंशांवरचा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम किंवा सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घटलेले वजन, यांपैकी काहीही असल्यास टप्प्यापुढे ‘बी’ लिहावे. नॉन-हॉजकिनसाठी १९८० ची मर्फी पद्धत आहे: छातीतील मूळ गाठ तिसऱ्या टप्प्यात, तर अस्थिमज्जा किंवा मेंदूपर्यंत पोहोचलेला आजार चौथ्यात मोडतो. मज्जेत ब्लास्ट (अपरिपक्व) पेशी २५ टक्के किंवा अधिक असल्यास मात्र तो ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) मानतात.