अमरिलिस बियांपासून लावताय? या चुका टाळा

अमरिलिसचं फूल सुकलं की दांडा तळातून कापायचा, हा आमच्या आईचा नियम. बी धरलं की कांदा, म्हणजे मातीतला कंद, आटतो, म्हणून. एका वर्षी मी एक दांडा मुद्दाम ठेवला. तीन कप्प्यांचं हिरवं बोंड लिंबाएवढं फुगलं, आणि मे महिन्याच्या भर उन्हात आमच्या इंदूरमधल्या रामबागेतल्या गच्चीवर माझे प्रयोग सुरू झाले. त्यातले बरेचसे फसले, कारण मोठ्या कांद्याला मानवतं ते मी इवल्या रोपांना लावत गेले.

बी धरतच नाही

पराग मोकळे होतात त्याच दिवशी लोक ते त्याच फुलाच्या कुक्षीला (पराग घेणारा मादी भाग) लावून मोकळे होतात. कुक्षी एक-दोन दिवसांनी तयार होते. तिचं टोक तीन फाट्यांत उलगडून किंचित ओलसर दिसलं की पराग लावा, आणि शक्यतो दुसऱ्या झाडाचे. स्वतःच्याच परागावर बऱ्याच झाडांना बी धरत नाही. घरोघरी असतो तो जुना, उंच दांड्याचा लाल प्रकार तर पुष्कळदा बी देतच नाही. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

बोंड साधारण चार-पाच आठवड्यांत पिवळट पडून वरून उकलायला लागतं. तेव्हाच उतरवा. बिया कागदासारख्या पातळ असतात. लू सुटलेली असेल तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या शेजाऱ्यांच्या गच्चीत.

फ्रिजमध्ये ठेवणं

ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. फ्रिटिलारिया या कांद्याच्या फुलझाडाबद्दल वाचलं होतं. त्याच्या बियांना ओलसर थंडीत दोन-तीन महिने काढावे लागतात, मगच त्या जाग्या होतात. वाटलं, तोही कांदा, हाही कांदा. अडीच महिन्यांनी बिया बाहेर काढून पेरल्या, तर तीनच उगवल्या.

फ्रिटिलारिया बर्फ पडणाऱ्या मुलखातला, त्याला हिवाळ्याची खूण लागते. आपलं अमरिलिस मूळचं दक्षिण अमेरिकेच्या उबदार भागातलं. (शास्त्रीय नाव हिप्पिॲस्ट्रम. खरं अमरिलिस वेगळंच, दक्षिण आफ्रिकेचं. पण नर्सरीत हिप्पिॲस्ट्रम मागून बघा, माळी तुमच्याकडेच बघत बसेल.) त्याच्या ताज्या बियांना थंडी नको असते, आणि ठेवल्या तर त्यांची उगवण्याची ताकद झपाट्याने कमी होते. बोंड फुटलं की दोन-चार दिवस सावलीत सुकवा आणि पेरून टाका.

काळं ते सगळं बी नव्हे

एका बोंडात पन्नासएक काळ्या चकत्या सहज निघतात. त्यातल्या कितीतरी पोकळ असतात. एकेक चकती खिडकीच्या उजेडासमोर धरा: मध्ये तांदळाच्या कणीएवढा फुगवटा दिसला तर बी, नाहीतर नुसता पापुद्रा. मी आता तासभर बसून हे निवडते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गं, तीळ निवडतेस का?"

शंका असेल तर वाटीभर पाण्यावर बिया तरंगत ठेवा. आठ-पंधरा दिवसांत चांगल्या बियांच्या कडेतून पांढरं मूळ निघतं. सेंटीमीटरभर झालं की मातीत हलवा. पाणी मात्र एक दिवसाआड बदला, नाहीतर बियांआधी डासांची पैदास होईल.

काळी माती आणि कंपोस्टचा मोह

माळव्याची काळी माती कपाशीला उत्तम, पण या बियांना फास. ओली असताना चिखल, वाळली की भेगा, आणि भेगेबरोबर कोवळं मूळ तुटतं. कोकोपीट आणि जाडसर रेती निम्मी-निम्मी घ्या. श्रीखंडाचे रिकामे डबे ट्रे म्हणून छान चालतात, तळाला पाच-सहा भोकं हवीत. बी आडवं ठेवून वर अर्धा सेंटीमीटर थर पुरे. कांदा लावतो तसं खोल पुरू नका. वरून झारीने पाणी घालू नका, डबा परातीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा.

कंपोस्ट? ब्रिटिश शेतीतज्ज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्या इंदूरमध्ये केलेल्या कामातून कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली, त्यामुळे आम्हा इंदूरकरांना त्याचा जरा जास्तच जिव्हाळा. तरी पहिले दोन महिने हात आवरा. अर्धवट कुजलेलं खत ओलं राहिलं की बारीक काळ्या माश्या येतात, आणि रोपं बुडाशी नरम पडून आडवी होतात. आडवी झालेली उठत नाहीत. ती काढून टाका, पाणी थांबवा, वर कोरड्या रेतीचा पातळ थर द्या. तिसरं पान आलं की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांतून एकदा.

जूनचं ऊन, जुलैची अळी

उगवलेलं रोप म्हणजे गवताची एक काडी. जूनच्या पूर्वार्धातलं दुपारचं ऊन तिला सोसत नाही, पाऊस येईपर्यंत हिरव्या नेटखाली ठेवा. पावसाळ्यात पानं रातोरात गायब झाली तर गोगलगायीला दोष देण्याआधी पानं उलटून पाहा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि नारिंगी डाग असलेली अळी दिसेल. लिलीच्या जातीची झाडं हेच तिचं खाणं. मोठा कांदा पुन्हा फुटतो, पण वाटाण्याएवढ्या कांद्यात तेवढी शिदोरी नसते. रोज सकाळी हाताने वेचणं हाच माझा उपाय. कडुनिंबाच्या तेलाचा फवारा अळ्या लहान असतानाच कामाला येतो.

हिवाळ्यात सुकवणं

मोठ्या कांद्याला थंडीत पाणी तोडून विश्रांती देतात. पहिली दोन वर्षं रोपांना ती देऊ नका. पान जितके महिने हिरवं राहील तितका कांदा भरतो. डिसेंबरात वाढ मंदावते, तेव्हा पाणी कमी करा, बंद नको. मोठ्या कुंडीत वेगवेगळी लावायचीही घाई नको, वर्षभर एकाच डब्यात दाटीवाटीने ती सुखात असतात. फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी, कांदा पाच-सहा सेंटीमीटर जाडीचा झाल्यावर.

फुलाचा रंग आईझाडासारखाच येईल असं कुणाला सांगून ठेवू नका. लेबल पेन्सिलने लिहा, मार्कर आपल्या उन्हात वर्षही टिकत नाही. माझ्या एका कुंडीवर आता फक्त "× पांढरं" एवढंच वाचता येतं. तिला यंदा शेंदरी फूल आलं.