वायरिंगला तेल लागतंय? आधी गळती शोधा

गाडीच्या इंजिनाजवळचं वायरिंग तेलकट दिसलं की ते बदलायचा सल्ला हमखास मिळतो. पण गळती तशीच राहिली तर नवं वायरिंगही भिजणारच.

तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे सगळ्यात वरची, पुढची ओली जागा गाठा. बऱ्याचदा ती टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग निघते. उष्णतेने रबर कडक होतं आणि तेल खालच्या अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र), कपलरांवर (वायर जोडणारे प्लास्टिकचे जोड) उतरतं. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या नळीचं सील गेलं तर तेल प्लगभोवती साचतं, प्लगवरच्या इग्निशन कॉइलचं रबर फुगतं आणि मिसफायर सुरू होतो, म्हणजे इंजिन अडखळतं. कॉइल उपसून पाहिली की लगेच कळतं.

फसवी गळती आतून होते. ऑइल प्रेशर स्विच, कॅम सेन्सर किंवा व्हीव्हीटी सोलेनॉइडचं (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारा विजेवरचा भाग) आतलं सील फुटलं, तर तेल पिनांवाटे तांब्याच्या बारीक तारांमध्ये शिरतं आणि केशाकर्षणाने पुढे सरकतं. वरचं आवरण कोरडं, आत तेल, आणि ते थेट ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या कपलरपर्यंत पोचू शकतं. म्हणून सेन्सरच्या कपलरमध्ये तेल दिसलं तर त्याच वायरचं दुसरं टोकही उघडून बघा. इंजिन ऑइल वीज वाहून नेत नाही, त्यामुळे लगेच शॉर्ट होत नाही. पण कपलरची सीलं फुगतात, धूळ चिकटते, पाणी शिरायला वाट होते. पावसाळ्यात डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे पेटतात ते बऱ्याचदा यामुळे.

नवं पॅकिंगही गळतंय? इंजिनातले वायू बाहेर काढणारा पीसीव्ही वॉल्व्ह आणि ब्रीदर नळी तपासा. ही वाट तुंबली की इंजिनात दाब साचून तेल कुठूनही बाहेर पडतं. पुण्यात हिंजवडी-वाकडच्या कोंडीत रांगणाऱ्या, थोडंच अंतर जाणाऱ्या गाडीत चिकट गाळ लवकर जमतो. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त नको, हेही बघा.

काम असं करा. इंजिन गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डीग्रीजर (तेलकटपणा काढणारं द्रव) फडक्यावर घेऊन पुसा, प्रेशर वॉश नको. सगळं सुकल्यावर वायर जोडा, अर्धा तास गाडी चालवा आणि इंजिन बंद करून टॉर्चने ताजी ओल शोधा. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत पॅकिंग घेताना इंजिन नंबर दाखवा, प्लग-नळीची सीलंही सोबत घ्या. बसवताना जुना लगदा साफ करा. टायमिंग कव्हरचा जोड जिथे येतो त्या कोपऱ्यावरच सिलिकॉनचा ठिपका द्या. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळा. छोट्या इंजिनांत टॉर्क (आवळण्याचा जोर) साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर असतो, पण मॅन्युअलमधला आकडाच खरा. जास्त आवळलं तर पॅकिंग चिरडतं आणि पुन्हा गळतं.

कपलरला कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा. पेट्रोलने रबर फुगतं, आगीचाही धोका असतो. आतून तेल आलं असेल तर सेन्सर बदलल्यावरही तारेत मुरलेलं तेल काही दिवस पाझरतं. म्हणून दोन्ही टोकं आठवड्याभराने पुन्हा पुसा. तरीही येत राहिलं तर तेवढाच तुकडा कापून नवी वायर सोल्डर करा आणि वर गोंद असलेली हीटश्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा.