पडलेल्या माडाची मुळं आणि ३८ कोटी वर्षांपूर्वीचं रान

पुरावनस्पतिशास्त्राकडे, म्हणजे अश्मीभूत वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळू पाहणारी मुलं आधी विचारतात, "ताई, सुरुवातीला काय वाचू?" मी सांगते, आधी वाडीत जा आणि मुळं बघ.

मला हे उमगलं ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर. दापोलीजवळ आजोळच्या वाडीत माड, पोफळी, फणस आडवे झाले होते. माडाच्या बुंध्याला करंगळीएवढ्या, एकसारख्या जाडीच्या मुळांचा झुबका. फणसाचं मूळ मात्र मांडीएवढं, फाटे फुटत पार गडग्याखाली शिरलेलं. मामा करवत चालवत होता आणि मी चिखलात बसून वहीत चित्रं काढत होते.

एमएस्सीला ती वही कामी आली. न्यू यॉर्क राज्यातल्या गिल्बोआचं अश्मीभूत रान सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वीचं. तिथल्या इओस्पर्माटोप्टेरिस या लुप्त झाडाच्या बुंध्यालाही बारीक मुळांचा झुबकाच. माडाशी नातं मात्र काही नाही. फुलं यायला अजून कोट्यवधी वर्षं होती. जवळच्याच केरोमधल्या खाणीतलं त्याहून थोडं जुनं रान २०१९ मध्ये जगापुढे आलं. तिथे आर्किओप्टेरिस या दुसऱ्या लुप्त झाडाची मुळं ११ मीटरपर्यंत पसरलेली, थेट फणसासारखी फाटे फुटलेली! या झाडाचं लाकूड सूचिपर्णी वृक्षांसारखं, पण प्रजनन नेच्यासारखं बीजाणूंनी. अशी मुळं खोल गेली की खडक झिजतो, माती तयार होते आणि त्या झिजेत हवेतला कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. पृथ्वीची हवा बदलण्यात मुळांचा एवढा हात असेल, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

पदवी वनस्पतिशास्त्राची घ्या किंवा भूशास्त्राची, दुसरा विषय शिकावाच लागतो. मी खडकांचे थर वाचायला उशिरा शिकले, त्यात वर्ष गेलं. पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या, लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेचा विचार करा. हाताला सवय आतापासून लावा. अश्मीभूत लाकडाचा तुकडा काचेवर चिकटवून कार्बोरंडमच्या भुकटीने घासत ०.०३ मिलिमीटरवर आणायचा, तोही आडवा, अरीय (गाभ्याकडून सालीकडे उभा) आणि स्पर्शीय (सालीला समांतर उभा) अशा तिन्ही दिशांनी. शेवटच्या चार घासांत घाई झाली की पेशी पुसल्या जातात.

आणि विहिरींवर लक्ष ठेवा. रत्नागिरीकडे खणताना जांभ्याखाली निळसर चिकणमाती आणि काळं लिग्नाइट, म्हणजे कच्चा कोळसा लागतो, त्यात मायोसीन काळातली, म्हणजे काही कोटी वर्षांपूर्वीपर्यंतची पानं, लाकडं असतात. मालकाला विचारून उतरा, खोली मोजून लिहा. मिळालेला तुकडा ओल्या कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. माझा पहिला मी अंगणात उन्हात वाळत घातला होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या चिरफळ्या झाल्या.