गिटार बनवताना बॉडी आणि ब्रेसिंग: या चुका टाळा

पहिली अकूस्टिक गिटार बनवायला घेणारे बहुतेक जण ड्रेडनॉट या मोठ्या बॉडीच्या प्रकाराचा नकाशा उचलतात. नाव ओळखीचं, आवाज मोठा, साचेही त्याच मापात सहज मिळतात. मग ‘उगाच तुटायला नको’ म्हणून ब्रेसिंगच्या, म्हणजे टॉपला (समोरच्या फळीला) आतून आधार देणाऱ्या, पट्ट्या जाड ठेवल्या जातात आणि शेवटी हातात येतं ते एक सुबक, दणकट आणि मुकं खोकं. बॉडी, स्केल (तारेची वाजणारी लांबी), तारा आणि ब्रेसिंग हा एकच हिशोब आहे. तो तारांपासून मांडायला लागायचं.

आधी बॉडी ठरवून मग तारा निवडणं

६४५ मिमी स्केलवर १२–५३ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) लाइट तारा सुरात लावल्या की एकूण ताण ७३ ते ७५ किलोच्या आसपास येतो. १३–५६ च्या मीडियम संचाला तो ८० च्या वर जातो, तर नायलॉनला जेमतेम ४०. त्यामुळे क्लासिकल गिटारच्या पंखा ब्रेसिंगवर (पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांवर) स्टीलच्या तारा चढवणं म्हणजे टॉपचा घात. उलटही तितकंच फसतं: एक्स ब्रेसिंगच्या (फुलीसारख्या दोन मुख्य पट्ट्यांच्या) टॉपला नायलॉनच्या तारा हलवूच शकत नाहीत.

वाजवणारा कोण, हेही आताच विचारा. ड्रेडनॉटचा खालचा रुंद भाग ३९७ मिमी आणि शेवटाकडची खोली १२४ मिमी असते. ओएम या लहान बॉडीची हीच मापं ३८१ आणि १०५. रुंदीतला फरक किरकोळ वाटतो, पण ओएमची कंबर चांगलीच आवळलेली आणि खोली कमी, त्यामुळे आतली हवा बरीच कमी भरते. पिकने जोरात कॉर्ड वाजवणाऱ्याला ड्रेडनॉट शोभते. बोटांनी हळुवार वाजवणाऱ्याच्या हातात तिचा खर्ज मधल्या सुरांवर बसतो. त्याला ओएम किंवा त्याहून लहान, ३६४ मिमीची डबल-ओ द्या. घरात बसून वाजवायचं असेल तर खांदाही दुखणार नाही.

ओएम आणि ट्रिपल-ओ यांची बॉडी एकच, स्केल मात्र ६४५ आणि ६३२. तेवढ्या १३ मिमीने त्याच तारांचा ताण सुमारे ४ टक्क्यांनी उतरतो. बेंडिंग करणाऱ्याला (तार बाजूला ओढून सूर चढवणाऱ्याला) तो बोटांखाली लगेच कळतो.

नकाशातली एकच गोष्ट बदलणं

ही चूक सर्वांत महागात पडते. बॉडी १४ फ्रेटच्या (१४ व्या फ्रेटवर मान जोडायच्या) नकाशातली, पण मान १२ व्या फ्रेटवर जोडायची ठरवली, तर ६४५ स्केलला जोडापासून सॅडलपर्यंतचं (ब्रिजवरच्या तारा टेकणाऱ्या पट्टीपर्यंतचं) अंतर २८७ मिमीवरून ३२२ वर जातं. म्हणजे ब्रिज ३५ मिमी खाली सरकतो. एक्स आणि ब्रिज प्लेट (ब्रिजखाली आतून चिकटवलेली लाकडी पाटी) जागच्या जागी राहिल्या तर ब्रिज उघड्या टॉपवर बसतो आणि वर्षभरात पोट फुगतं. मार्टिन या अमेरिकी गिटार कंपनीने १९३४ मध्ये ड्रेडनॉट १४ फ्रेटची केली तेव्हा बॉडीचा वरचा भाग आखूड करून खांदे चौकोनी केले, ते याच गणितामुळे. नुसती स्केल ६४५ ची ६३२ केली तरी ब्रिज जवळजवळ ६ मिमी पुढे येतो.

कागदावर पूर्ण मापात आखून एक गोष्ट तपासा: एक्सचे दोन्ही पाय ब्रिजच्या दोन टोकांखालून जातात का? जात नसतील तर एक्सचा कोन किंवा छेदबिंदू हलवा. ड्रेडनॉटला ९८ ते १०० अंशांचा कोन चालतो. छेद साउंडहोलच्या (टॉपवरच्या गोल भोकाच्या) जवळ नेला की टॉपचा खालचा भाग मोकळा होतो, खर्ज वाढतो आणि पोट फुगण्याची शक्यताही वाढते. जुन्या ड्रेडनॉटमध्ये छेद साउंडहोलपासून इंचभरावर असे, पुढे तो मागे नेला गेला. पट्ट्या मधून कोरून हलक्या करण्याची पद्धतही मार्टिनने १९४४ मध्ये थांबवली, कारण लोक जाड तारा लावत होते. जुन्या गिटारचा आवाज हवा म्हणून कोरलेल्या पट्ट्या करायच्या आणि वर मीडियम तारा चढवायच्या, असं दोन्ही जमत नाही.

जाडी वाढवून मजबुती शोधणं

पट्टीचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १६ मिमी उंचीची पट्टी १४ वर आणली की एक तृतीयांश ताठपणा गेला. म्हणून ८ बाय १६ ऐवजी ६.५ बाय १७ करून पाहा. ताठपणा जवळपास तेवढाच राहतो आणि वजन १४ टक्के कमी होतं.

त्याआधी लाकूड बघा. पट्टी करवतीने कापण्यापूर्वी फळी कुऱ्हाडीने किंवा पटाशीने फोडून घ्या, म्हणजे रेषे टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. चिकटवताना वाढीच्या रेघा टॉपला काटकोनात उभ्या हव्यात. रेषे तिरके बाहेर पडणारी पट्टी कितीही उंच ठेवली तरी ताणाखाली तिथूनच चिरते.

सिटका स्प्रूसचा टॉप साधारण २.८ मिमी आणि सीडरचा ३ मिमी, हे आकडे फक्त सुरुवातीसाठी. एकाच झाडाच्या दोन फळ्याही सारख्या निघत नाहीत. फळी दोन आधारांवर ठेवा, मधोमध एक किलोचं वजन ठेवून झोळ डायल गेजने (सूक्ष्म अंतर मोजणाऱ्या साधनाने) मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या गिटारला हीच नोंद कामी येते.

पट्ट्यांची तासणी बॉडी बंद करण्याआधी करा, पण पुरी नको. खालच्या टोन बारपासून (एक्सखालच्या तिरक्या पट्ट्यांपासून) सुरुवात करून प्रत्येक वेळी अर्धा मिमीच उतरवा. ब्रिजच्या जागी अंगठ्याने दाबा आणि बोटाने ठोकून आवाज किती वेळ टिकतो ते ऐका. आवाज ‘टक’ असा मरत असेल तर अजून वाव आहे. घुमू लागला की रंधा खाली ठेवा. उरलेलं तारा लावल्यावर साउंडहोलमधून हात घालून छोट्या रंध्याने काढता येतं, काढलेलं परत लावता येत नाही.

एक्सच्या सांध्यात एक पट्टी वरून कापलेली असते, एक खालून. जिची खाच आतल्या बाजूला उघडी राहते ती पट्टी कमकुवत. तिच्यावर सरसात भिजवलेलं सुती कापड किंवा स्प्रूसची पातळ टोपी बसवाच. डिंक म्हणून सुतारकामातला साधा पांढरा पीव्हीए टाळा. सततच्या ताणाखाली, विशेषतः उन्हात उभ्या गाडीत, तो हळूहळू सरकतो. ॲलिफॅटिक रेझिन (सुतारकामातला पिवळा डिंक) किंवा सरस वापरा.

पावसाळ्यात पट्ट्या चिकटवणं

मुंबई–कोकणात जुलैमधल्या ८० टक्के आर्द्रतेत टॉप बंद केला आणि गिटार एप्रिलमध्ये नागपूरला गेली, तर ३९७ मिमी रुंदीचा स्प्रूस साडेचार मिमीहून अधिक आक्रसू पाहतो. आडव्या पट्ट्या लांबीत आक्रसत नाहीत, म्हणून टॉप खोल जातो आणि बहुधा मधल्या सांध्याजवळ चिरतो. लाकूड ४५ टक्के आर्द्रतेत आठवडाभर ठेवूनच पट्ट्या चिकटवा. पावसाळ्यात बंद कपाटात एक जुना, तापणारा पिवळा बल्ब पुरतो, खोलीत डीह्युमिडिफायर असेल तर उत्तम. हायग्रोमीटरवर (आर्द्रता मोजणाऱ्या यंत्रावर) आंधळा विश्वास नको: बंद डबीत ओलसर मीठ ठेवलं की रात्रभरात आकडा ७५ यायला हवा. जितका चुकेल तितकी दुरुस्ती मनात धरा.

तयार गिटार बिघडलेली वाटते तेव्हा

ब्रिजमागे हलका फुगवटा असणं स्वाभाविकच, टॉपला मुळातच सुमारे साडेआठ मीटर त्रिज्येचा बाक दिलेला असतो. ब्रिज आणि साउंडहोलमध्ये खड्डा दिसला, किंवा तारा लावल्यावर ब्रिज दोन अंशांहून जास्त पुढे कलला, तर तारा सैल करून आरसा आणि टॉर्चने आत पाहा. कागदाची कड पट्टीखाली शिरते का? सगळं घट्ट असेल तर ११–५२ च्या तारा लावा, ताण साधारण दहा टक्के उतरतो. मग ठरवा, टॉप उघडायचा की नाही.

खर्ज पोकळ आणि आवाज बसका असेल तर टॉपच्या खालच्या कडेची ५० मिमीची पट्टी २.३ मिमीपर्यंत बाहेरून पातळ करता येते, पण पॉलिशच्या आधी.

एकच सूर मोठ्याने उठून लगेच मरत असेल, समजा सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे ९८ हर्ट्झचा जी, तर बॉडीतल्या हवेचा अनुनाद (ती स्वतःहून घुमते तो सूर) नेमका त्याच सुरावर पडलाय. पुठ्ठ्याची चकती मधून कापून साउंडहोलवर ठेवा, म्हणजे भोक लहान होईल. दोष एखाद-दुसऱ्या फ्रेटने खाली सरकला तर निदान पक्कं, आणि भोकाला आतून लाकडी कडी लावून तो अनुनाद दोन सुरांच्या मध्ये नेता येतो. सरकला नाही तर दोष टॉपच्या मुख्य कंपनात आहे. ब्रिजजवळ दहा ग्रॅम ब्लू-टॅक (काढता येणारा चिकट लगदा) चिकटवून बघा. फरक पडला तर तेवढंच वजन आतून ब्रिज प्लेटला लावा.