बाळाला घेऊन लांबचा गाडीप्रवास: या चुका टाळा

नकाशात सहा तास दिसतात म्हणून सहा तासांत पोहोचू, हा हिशोब मोठ्यांपुरता ठीक आहे. मागच्या सीटवर दहा महिन्यांचं बाळ असेल तर त्याच रस्त्याला आठ ते नऊ तास धरा. जास्तीत जास्त दोन तास गाडी चालवायची, मग थांबायचं, आणि एक थांबा म्हणजे किमान अर्धा तास. डायपर बदला, दूध पाजा, ढेकर काढा, बाळाला सतरंजीवर पालथं लोळू द्या, पुन्हा पट्टे नीट बांधा. रांगणाऱ्या-धावणाऱ्या मुलाला तर पंधरा-वीस मिनिटं मोकळं सोडावंच लागतं. हा वेळ आधी धरला नाही की पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात. उशीर झालेला माणूस थांबा टाळतो, पट्टे सैल बांधतो आणि बाळ रडलं की चिडतो.

सगळ्यात धोक्याची आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे रडणाऱ्या बाळाला चालत्या गाडीत कार सीटमधून, म्हणजे मागच्या सीटवर पक्क्या बसवलेल्या त्याच्या पट्टेवाल्या खुर्चीतून, काढून मांडीवर घेणं.

चित्र ठरलेलं असतं. मुक्काम तासाभरावर आलेला असतो. बाळ वीस मिनिटं रडतंय, घामाने केस कपाळाला चिकटलेत, हुंदके थांबत नाहीत. पुढून कुणीतरी म्हणतं, "आता थोडंच राहिलंय, घे ना जरा." आई वळून बकल काढायला जाते, तेवढ्यासाठी स्वतःचा सीटबेल्टही सोडते. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावरून आरशात जाते. बाळ खांद्यावर येतं आणि क्षणात शांत होतं. उपाय लागू पडला असं सगळ्यांना वाटतं, आणि इथेच घात आहे. पुढच्या थांब्यानंतर तेच बाळ सीटमध्ये ठेवताच पाठीची कमान करून ताठ होतं, कारण रडलं की बाहेर निघता येतं हे त्याला कळलेलं असतं. उरलेल्या प्रवासात दर दहा मिनिटांनी तोच तमाशा होतो.

"मी घट्ट धरलंय" या वाक्याला अर्थ नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला साधारण १४० किलो पेलण्याइतकी ताकद लागते. कुणाच्याच हातात ती नसते. आपल्या सीटबेल्टमध्ये बाळालाही गुंडाळून घेणं तर आणखी वाईट. धक्क्यात मोठ्या माणसाचं सगळं वजन पट्ट्यासकट त्या बाळावर येतं.

बाळ रडायला लागलं की आधी हात लावून कारण शोधा. मानेमागे आणि पाठीला बोटं घाला: घाम आहे का? मांडीखाली पट्टा पिळला गेलाय का? पायांमधल्या बकलाखाली कपड्याची घडी रुतते का? ऊन थेट डोळ्यांवर येतंय का? डायपर भरलाय का? यातल्या निम्म्या गोष्टी बाळाला न काढता सुटतात. नाही सुटल्या तर सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा, मगच बाळाला बाहेर काढा, शांत करा, पुन्हा बांधा आणि निघा. भरधाव रस्त्याच्या कडेला मात्र थांबू नका, पुढचा पंप किंवा विश्रांतीची जागा गाठा. अंगावरचं दूध पाजायचं असेल तरीही हाच नियम. पोहोचायला उशीर झाला तर होऊ द्या.

दुसरी चूक अशी की सीट असते, पण बाळ त्यात नीट बांधलेलं नसतं. हजारो रुपये घालून सीट आणायची आणि बाळाला करकचेल या भीतीने पट्टे ढिले ठेवायचे, हे पाहून जीव तुटतो. तपासणी सोपी आहे. पट्टे ओढून झाल्यावर बाळाच्या खांद्याजवळ, गळपट्टीच्या हाडापाशी, पट्टा चिमटीत उभा धरून बघा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे. बोटं नुसती पट्ट्यावरून घसरली पाहिजेत. ओढायच्या आधी कमरेजवळची ढील वर काढून घ्या, नाहीतर खांद्यावर घट्ट आणि मांडीवर लोंबतं असं होतं. जाड स्वेटर किंवा जॅकेट घालून पट्टे बांधू नका. धक्क्यात कापूस चेपतो आणि पट्ट्याखाली मोकळी जागा तयार होते. पातळ कपड्यात बांधा, वरून पांघरूण घाला.

बाळाच्या सीटचं तोंड मागे, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे, असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून यायला हवेत, तोंड पुढे असेल तर पातळीवरून किंवा किंचित वरून. सीटबेल्ट जिथून जातो तिथे धरून सीट हलवून बघा, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. आणि वर्ष झालं, आता त्याला पुढचं दिसू दे म्हणून सीट फिरवण्याची घाई करू नका. मुलांच्या कार सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर १२९ या नियमानुसार तोंड किमान १५ महिने मागेच हवं. सीटवर लिहिलेली उंची-वजनाची मर्यादा येईपर्यंत तसंच ठेवलं तर उत्तम. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कच्ची असते. तोंड मागे असलं की धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. पाय दुमडले गेले तर जाऊ द्या, मुलांना त्याचं काही वाटत नाही. अशी सीट पुढे एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही.

अगदी लहान बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडू शकतो, आणि त्याचा आवाजही येत नाही. म्हणून सीटचा कल सूचनापुस्तिकेत सांगितलाय तेवढाच ठेवा आणि बाळाशेजारी मागे एक मोठं माणूस बसवा. मुक्कामी पोहोचल्यावर झोपलंय म्हणून सीटसकट घरात नेऊन तसंच ठेवणंही चूक. काढा, सपाट अंथरुणावर पाठीवर निजवा.

प्रवासाच्या दिवशीच सीट खोक्यातून काढू नका. आठवडाभर आधी लावा आणि जवळच्या दोन-चार फेऱ्या मारा.

झोप यावी म्हणून सर्दीचं किंवा उलटीचं औषध पाजणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. या औषधांनी काही मुलं गुंगतात, काही उलट चिडचिडी होतात, आणि लहान बाळाचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. गाडी लागणाऱ्या मुलाला औषध द्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, वजनाप्रमाणे. तसंही दोन वर्षांखाली गाडी लागणं फारसं दिसत नाही, त्रास त्यानंतर सुरू होतो. तेव्हा मांडीवरचा मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक काढून घ्या, लांबचं झाड, डोंगर दाखवा, काच थोडी उघडा. निघण्याआधी पोटभर दूध पाजू नका, पण उपाशीही ठेवू नका. तोंडाला पाणी सुटणं, सारखी जांभई, चेहरा पांढरा पडणं दिसलं की लगेच थांबा, उलटीची वाट बघू नका.

चालत्या गाडीत खायला देताना शेंगदाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं, गोळ्या बंद. घशात घास अडकलेलं मूल आवाज करत नाही, आणि तोंड मागे असलेल्या सीटमधलं मूल पुढून दिसतही नाही. खाणं थांब्यावर, बसवून.

पावडरचं दूध घरून कालवून नेऊ नका. मोजलेली पावडर कोरड्या डब्यांत वेगवेगळी घ्या, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये, आणि लागेल तेव्हाच कालवा. पाजायला देताना कोमट झालंय का हे मनगटावर थेंब टाकून बघा. बाळाने तोंड लावलेलं दूध तासाभराने टाकून द्या, कितीही उरलेलं असो. सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी नको, दूधच जास्त वेळा द्या.

ऊन लागतं म्हणून सीटवर चादर टाकू नका, आत कोंडून गरम होतं. काचेला जाळी लावा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसवण्याआधी बकलाचा धातू स्वतःच्या मनगटाला लावून बघा.

दोन मिनिटांसाठी म्हणून बाळाला बंद गाडीत सोडणं नाही म्हणजे नाही. उन्हात आतलं तापमान दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी वाढू शकतं, काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

बाळ झोपेल म्हणून रात्रभर गाडी हाकणं अनेकांना हुशारी वाटते. बाळ झोपतं, पण पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान चालवणाऱ्यालाही झोप येते. त्यापेक्षा उजाडता उजाडता निघा, बाळ पहिले दोन तास सहज झोपून काढतं.

सामानात सगळं असतं, पण डिकीच्या तळाशी. पायाशी एक छोटी पिशवी ठेवा: तीन डायपर, वाइप्स, दोन जोडी कपडे, घाण कपड्यांसाठी चेन असलेल्या प्लॅस्टिक पिशव्या, तापमापक, आणि मोठ्या माणसाचा एक शर्ट, कारण उलटी बहुधा त्याच्याच अंगावर होते. डायपर लागतात त्याच्या दीडपट घ्या. तापाचं औषध घेताना थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते हे लक्षात ठेवा. डॉक्टरांनी सांगितलेला डोस मिलिलिटरमध्ये बाटलीवर लिहून चिकटवा आणि तिचंच माप सोबत ठेवा. उलटीने पट्टे घाण झाले तर ते पाण्यात भिजत घालू नका, मशीनमध्येही धुऊ नका, धाग्यांची ताकद जाते. ओल्या फडक्याला सौम्य साबण लावून पुसा आणि सावलीत वाळू द्या.