जिनिंगची घंटा वाजण्याआधी हजेरीपट नीट करा

दसरा उलटला की जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांत, सातपुड्याच्या पायथ्यापासून माणसं यायला लागतात. पगारपत्रकावर मात्र मुनीम, फिटर आणि वॉचमन धरून जुनीच आठ नावं. तपासणीत मालक अडकतो तो बहुतेक वेळा इथेच, डोकी मोजण्यात.

मोजायला ऑफिसातल्या फायलीपासून नव्हे, फाटकापासून सुरुवात करा. आत येणारा प्रत्येकजण धरा: रोजंदारीवाला, मुकादमाने आणलेला, रात्रपाळीचा वॉचमनसुद्धा. "ती माणसं मुकादमाची" हे उत्तर टिकत नाही. तुमच्या आवारात, तुमच्या कामावर असलेला माणूस पीएफसाठी (भविष्य निर्वाह निधी) तुमच्याच आकड्यात येतो. २० माणसं झाली की पीएफ लागतो आणि हंगाम संपून माणसं घटली म्हणून तो आपोआप सुटत नाही. ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) रेषा १० माणसांवर आहे.

पण ईएसआयमध्ये आपल्याकडे एक मेख आहे. निव्वळ कापूस जिनिंग-प्रेसिंग करणारा कारखाना कायद्याने हंगामी ठरतो आणि ईएसआयमधून वगळला जातो. इथे 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा. त्याच आवारात सरकीची तेलघाणी टाकली तर ही सूट धोक्यात येते. चटई कारखाना, पाइपचा कारखाना किंवा डाळमिल यांना ती नाहीच. सूट मिळाली म्हणून जबाबदारी संपली असंही नाही. रोलरमध्ये हात गेला तर भरपाई थेट मालकाच्या खिशातून जाते, तेव्हा पहिली गाडी उतरण्याआधी कामगार भरपाईची विमा पॉलिसी घ्या, तीही हंगामातल्या सगळ्या माणसांची. आठ माणसांची पॉलिसी आणि कामावर साठ, असं चालत नाही.

आता पगार. चटई कारखान्यातल्या एका ऑपरेटरचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये धरा. त्यातून पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८०, ईएसआय ०.७५ टक्के म्हणजे १०५ आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापायचा. हातात १२,०१५ रुपये. मालकाने वरून भरायचे ते पीएफ १,६८० आणि ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ४५५. पीएफचा प्रशासन खर्च आणि कामगाराचा ठेव-संलग्न विमा हे अर्धा-अर्धा टक्का वेगळे. महिलेचा पगार २५,००० पर्यंत असेल तर व्यवसाय कर शून्य. बऱ्याच पगारपत्रकांत तो अजूनही कापलेला दिसतो. तुमच्या धंद्याचा आणि परिमंडळाचा (झोनचा) किमान वेतनाचा चालू दर मात्र आधी बघून घ्या. तो पाळला नसेल तर पुढचं सगळं गणित चुकतं.

मूळ पगार ५,००० आणि बाकी सगळे 'भत्ते' दाखवून पीएफ वाचवण्याची जुनी युक्ती आता विसरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू आहेत आणि वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. नेमणूकपत्रही आता प्रत्येकाला द्यायचं आहे.

पीएफ आणि ईएसआय, दोन्हींची तारीख पुढच्या महिन्याची १५. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतंच, शिवाय कामगाराकडून कापलेली रक्कम आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंतही भरली नाही तर आयकरात ती खर्च म्हणून मिळत नाही. हा फटका व्याजापेक्षा मोठा बसतो.

नावांचा घोळ वेगळाच. हजेरीत 'बाळू', आधारवर 'बाळकृष्ण'. मग यूएएन (कामगाराचा पीएफचा कायमचा क्रमांक) जुळत नाही आणि त्याचे पैसे अडकतात. नाव आणि जन्मतारीख तोंडी विचारू नका, आधार कार्ड समोर ठेवून उतरवा. मुकादमाचं बिल देण्याआधी त्याच्याकडून पीएफचं चलन आणि नावनिहाय यादी घ्या, ती फाटकाच्या वहीशी ताडा. नुसत्या चलनावर भरवसा ठेवू नका, ते दुसऱ्याच ठिकाणच्या माणसांचं असू शकतं. त्याने भरलं नाही तर वसुली तुमच्याकडून होते.

उचल (आगाऊ रक्कम) दिली की त्याच दिवशी वहीत सही किंवा अंगठा घ्या. सगळ्या कपाती मिळून महिन्याच्या वेतनाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत, आणि कामावर यायला दिलेलं गाडीभाडं उचल म्हणून कापता येत नाही.

पाच किंवा जास्त माणसं असतील तर कामगार कल्याण निधीचे जून आणि डिसेंबरच्या पगारातून प्रत्येकी २५ रुपये, त्यावर मालकाचे ७५. दहा माणसं झाली की महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. नसल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड.

हंगाम आटोपला की 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून हिशोब लांबवू नका. काम सुटल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत पूर्ण वेतन द्यावं लागतं. ते मुकादमाच्या हातात नको, ज्याच्या त्याच्या बँक खात्यात टाका आणि व्हाउचरवर दिवस, दर, उचल, कपात हे चारही रकाने भरून सही घ्या.